रंगीत माती, कोरडी हवा आणि डोंगरातला मुक्काम

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘पेंटेड डेझर्ट’, म्हणजे ‘रंगविलेले वाळवंट’ नावाचा प्रदेश आहे. लाल, गुलाबी, राखी, जांभळट पट्ट्यांच्या टेकड्या तेथे दूरवर पसरल्या आहेत. त्यांचा काही भाग पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. हौशी लोक पाठीवर पाणी आणि तंबू घेऊन तेथे भटकंती करतात. इतक्या दूर आपण जाऊ न जाऊ. पण शिक्षकांबरोबर जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या डोंगराकडे किंवा गंगाखेडकडच्या बालाघाटच्या रांगांत एक सहल सहज जमेल. विज्ञान दोन्हीकडे एकच आहे.

रंग कोठून आले?

पेंटेड डेझर्टचे खडक सुमारे 20 ते 23 कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गाळाचे आहेत. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तयार झाला. दोन्हीकडील रंगारी मात्र एकच, तो म्हणजे लोखंड. ऑक्सिजनशी भरपूर संयोग झाला की लोहाचे तांबडे ऑक्साइड बनते. तुळशीवृंदावनाला लावतात तो गेरू हेच. ते प्रकाशातील निळा व हिरवा भाग शोषते आणि तांबडा परत पाठवते. ऑक्सिजन कमी पडला, तर त्याच मातीला राखी-हिरवट छटा येते.

आपल्याकडे लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटकरी मातीचा पट्टा सापडतो. पहिला थर निवल्यावर त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली. मग वरून नवा तप्त लाव्हा आला आणि ती भाजली गेली. कुंभाराचे मडके भट्टीत लाल होते, तसेच हे! घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यात असा पट्टा दिसतो का, ते पाहा.

पाणी किती न्यावे?

आता सर्वांत महत्त्वाचे गणित. चढावर चालताना तुमच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे 300 ज्यूल उष्णता निर्माण होते असे धरा. तासाभरात ती 300 × 3600 = 10 लाख 80 हजार ज्यूल होईल. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता शरीरातून निघून जाते. म्हणजे तासाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी केवळ शरीर थंड राखण्यासाठी लागते. उन्हाची उष्णता यात धरलेलीच नाही.

येथे एक फसगत आहे. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो. अंग कोरडे राहते आणि पाणी जात आहे हे कळतच नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहा. डोके दुखणे, चक्कर, गडद पिवळी लघवी या धोक्याच्या खुणा आहेत. सोबती असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात पोचवा. परभणीच्या मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. तेव्हा अशी सहल थंडीतच काढावी.

रात्री गारठा का?

दिवसा तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकते. हवेतील बाफ आणि ढग त्यातील बरीच उष्णता परत जमिनीकडे पाठवतात. हवा कोरडी व आकाश निरभ्र असेल, तर हे पांघरूण विरळ होते. शिवाय थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून राहुटी नाल्याच्या तळाशी ठोकू नये. पाऊस आलाच, तर लोंढाही तेथूनच येतो.

करून पाहा

1. रात्री एक तापमापक उघड्यावर आणि दुसरा दाट झाडाखाली, दोन्ही जमिनीपासून सारख्याच उंचीवर ठेवा. पहाटे दोन्ही वाचा. फरक का पडला?

2. परभणीचे अक्षांश सुमारे 19 अंश उत्तर आहेत. म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर दिसतो. हात लांब केल्यावर मुठीची रुंदी सुमारे 10 अंश भरते. उत्तर क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवा आणि तारा शोधा. वाट चुकलात, तर उत्तर दिशा तोच दाखवील.