राष्ट्रीय कला संग्रहालयाची भेट : वसई-विरारच्या शाळांसाठी काही विचार

विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरांचे. चर्चगेटहून पायी वीसएक मिनिटांवर, काळा घोडा परिसरात, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा आहे. वसई, नालासोपारा, विरार येथून नोकरीसाठी नित्य त्या बाजूस जाणाऱ्यांची संख्या मोठी. पण या वास्तूची पायरी चढलेले त्यांच्यात थोडेच भेटतात. शाळांच्या सहली निघतात त्या बहुधा जवळच्या जलक्रीडा उद्यानांकडे. त्यात गैर काही नाही. परंतु वर्षातील एक दिवस चित्रांच्या वाट्याला यावयास हरकत नसावी.

या संस्थेचे दिल्ली येथील मुख्य संग्रहालय जयपूर हाउसमध्ये असून त्याचे उद्घाटन २९ मार्च १९५४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. मुंबई शाखा १९९६ मध्ये व बंगळूर शाखा २००९ मध्ये सुरू झाली. मुंबईची वास्तू म्हणजे १९११ साली उभे राहिलेले सर कावसजी जहांगीर सभागृह. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट हेच तिचेही रचनाकार. जेथे एके काळी जाहीर सभा व संगीताचे जलसे होत, तेथे आज जिन्याजिन्याने वर चढत जाणारी दालने आहेत.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. शाखेत गेले की राष्ट्रीय संग्रहातील सर्व नामांकित चित्रे दृष्टीस पडतील, असे नाही. अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ या चित्रास १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. म्हणजे त्याचा गौरव मुंबईत झाला, पण आज ते दिल्लीच्या संग्रहात आहे. मुंबई शाखेत मुख्यतः बदलती प्रदर्शने भरतात. म्हणून सध्या कोणते प्रदर्शन चालू आहे, त्यास जोडून व्याख्यान किंवा कार्यशाळा आहे काय, याची चौकशी शिक्षकांनी आधी करावी. विद्यार्थ्यांची संख्या कळवून मार्गदर्शकाविषयी विचारणा करावी. सोमवारी संग्रहालय बंद असते. शक्य तर शिक्षकाने एखाद्या रविवारी स्वतः एकट्याने जाऊन यावे. या एका फेरीने सहलीचे निम्मे काम होते.

एका शाळेची सहल प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे. प्रत्येक मजल्यावर मुलांची डोकी मोजली गेली, चित्रे मात्र कोणी पाहिली नाहीत. पंचवीस मिनिटांत सारे खाली. गुरुजींना दोष कसा द्यावा? परतीच्या गाडीची गर्दी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. यावर उपाय असा की, दहा-दहा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येकाने एकच चित्र निवडून त्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे. नजर प्रथम कोठे जाते? उजेड कोणत्या बाजूने येतो? रंग कोठे जाड, कोठे विरळ? हे वहीत टिपावे, आणि मगच शेजारची नामपट्टी वाचावी. पुस्तकात तळहाताएवढे दिसलेले चित्र प्रत्यक्षात आपल्याहून उंच असू शकते, हे मुलांना तेथेच उमगते. हात लावू नये, हे सांगताना कारणही सांगावे : बोटांचा घाम व तेलकटपणा रंगास बाधतो.

पालघर जिल्ह्यातील मुलांपाशी चर्चेचा एक विषय घरचाच आहे. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहीत. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही रेखाटने लग्नविधीपलीकडे नेली. १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. लग्नानंतर पुसट होत जाणारा चौक आणि चौकटीत जपलेले चित्र, यांत काय मिळाले व काय सुटले, असे मुलांना अवश्य विचारावे. उत्तरे गुरुजींनाही विचारात पाडतील.

तालुक्यातील ग्रामपंचायतींनी प्रवासखर्चाचा काही भार उचलावा आणि परतलेल्या मुलांची रेखाटने आठवडाभर पंचायतीच्या कार्यालयात लावावीत. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहानंतर निघावे. चर्चगेटहून परतीची गाडी मात्र साडेतीनच्या आत धरावी. नंतर कचेऱ्या सुटू लागतात आणि लहान मुलांना वसईला उतरणे कठीण होते.