तुंबडी लावल्याने शरीरात काय होते?



संत तुकाराम नगरातून मी चाकणच्या कामगार वस्त्यांत जाते, तेव्हा कुणाच्या पाठीवर, कुणाच्या गुडघ्यावर गोल, जांभळट डाग दिसतात. विचारले की उत्तर येते, “तुंबडी लावली.” शहरात यालाच कपिंग किंवा हिजामा म्हणतात. नावे ठेवण्याआधी हा उपचार समजून घेऊ या.

तो फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही साधने सांगितली आहेत. महाराष्ट्रात वैदू ही भटकी जमात गावोगाव फिरून तुंबड्या लावत असे. शिंगाचे रुंद तोंड दुखऱ्या जागी टेकवून टोकाच्या छिद्रातून हवा ओढून घेतात. काचेच्या पेल्यात जाळ फिरवून तो लगेच अंगावर टेकवला, तर आतली तापलेली हवा थंड होते आणि दाब कमी होतो. त्वचा वर ओढली जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डाग उमटतो. म्हणजे तो डाग बाहेर आलेल्या विषाचा नसून त्वचेखाली साकळलेल्या रक्ताचा असतो.

मान किंवा पाठ दुखत असेल, तर काहींना थोडे दिवस आराम वाटतो. मात्र त्याचे पुरावे भक्कम नाहीत.

मोठा धोका आहे तो चिरे पाडून रक्त काढण्यात. एकच पाते अनेकांना वापरले, तर ‘ब’ व ‘क’ प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो. शिवाय नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी बांधवांत सिकलसेल आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे ठणकतात. हे दुखणे ‘वात’ समजून रक्त काढले, तर आधीच रक्त कमी असलेला रुग्ण आणखी खंगतो आणि मूळ आजार तसाच राहतो.

वस्तीत जाणाऱ्यांनी म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात : चिरे पाडले का? पाते नवे होते का? दुखणे पुन्हा पुन्हा येते का? येत असेल, तर सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. त्यासाठीचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून पहिली चाचणी थेंबभर रक्तावर होते. तुंबडीवाल्याशी वाद घालत बसू नये. रुग्णासोबत दवाखान्यापर्यंत चालत जावे.