गिझर बदलण्याआधी धार मोजा

पुण्यातला आमचा फ्लॅट इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. जुना गिझर तळातून गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, आता मोठा आणू, म्हणजे शॉवरलाही जोर येईल. पण गिझर निवडणं हे एक काम आणि धार वाढवणं हे दुसरं. त्यातलं दुसरं आधी करायचं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगते.

१. दाब गच्चीवरच्या टाकीचा असतो, गिझरचा नव्हे. टाकीतलं थंड पाणी गिझरमध्ये खालून शिरतं आणि तेवढंच गरम पाणी वरून बाहेर पडतं, इतकंच. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. आमच्यासारख्यांकडे हे अंतर जेमतेम दोन-तीन मीटर, म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. खालच्या मजल्यावर तोच शॉवर अंगाला टोचेल इतका जोरात येतो तो यामुळे. १५ लिटरच्या जागी २५ लिटरचा गिझर लावला तर आणखी एकाची आंघोळ होईल, धार मात्र तेवढीच राहील. गिझर भिंतीवर वर टांगा की खाली, त्यानेही काही बदलत नाही.

२. बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घ्या. एकाच नळाला आधी नुसतं थंड पाणी सोडून बादली किती वेळात भरते ते बघा, मग नुसतं गरम. दोन्ही सारखंच मंद असेल तर प्रश्न टाकीचा किंवा खाली उतरणाऱ्या पाइपचा. थंड जोरात आणि गरम मंद असेल तर अडथळा गिझरच्या वाटेवर आहे. प्लंबरला बोलावण्याआधी हे करा, म्हणजे तो नको तिथे फरशी फोडणार नाही.

३. अडथळे बहुतेक वेळा क्षारांचे असतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत तर हमखास. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर लवकर बसतो, म्हणून पाणी जड असेल तर तापमान उगाच शेवटपर्यंत चढवून ठेवू नये. शॉवरची चकती आणि नळाच्या तोंडची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजत घाला. मग गिझरच्या दोन्ही कनेक्शन पाइपांकडे बघा. बाहेरून ते अर्ध्या इंचाचे दिसतात, पण आतली नळी बरीच बारीक असते. पाव बारवर चालणाऱ्या घरात हा बारीकपणा फार महाग पडतो. नवा गिझर लावताना जुने कनेक्शन पाइप परत वापरू देऊ नका.

४. गुरुवारी पाणी बंद राहिलं, टाकी रिकामी झाली आणि शुक्रवारी थंड पाणी नीट पण गरम पाणी थेंब थेंब, असं होत असेल तर पाइपात हवा अडकलेली आहे. गरम पाण्याची लाइन वर जाऊन पुन्हा खाली वळते तिथे ती बसते. शक्य तिथे तो वळसा काढून टाकावा.

५. सगळं स्वच्छ करूनही दाब कमीच असेल तर प्रेशर पंप. इथे घाई नको. पंप टाकीच्या जवळ, थंड आणि गिझरची लाइन वेगळी होण्याआधी बसवायचा. नुसत्या थंड लाइनवर बसवला तर मिक्सरमध्ये थंड पाणी गरमाला मागे रेटतं आणि आंघोळ गारच होते. गच्चीवर सोलर असेल तिथेही हाच घोळ होऊ शकतो, कारण सोलरची लाइन पंपाशिवाय राहते. टाकीतून निघणारा पाइपच अरुंद असेल तर पंप कोरडा ओढत बसेल, म्हणून आधी तो मोठा करून घ्यावा. टाकी सोसायटीची असते, तेव्हा परवानगी लेखी घ्या. पंप आपल्या टाकीनंतरच लावावा; महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे, आणि त्यात शेजाऱ्याचं पाणी जातं. गिझरच्या पट्टीवर किती बार दाब सोसतो ते लिहिलेलं असतं, तेही पंप घेण्याआधी वाचा.

६. मग गिझर. ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट स्वयंपाकघरात भांड्यांना ठीक. हिवाळ्यात २० अंशांचं पाणी ४० पर्यंत न्यायचं तर तो मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो, शॉवरला ते पुरत नाही. आम्ही साठवणीचा १५ लिटरचा घेतला. २ किलोवॅटवर तो वीसेक मिनिटांत तापतो आणि बादलीत थंड पाणी मिसळून दोघांचं भागतं. त्यावरचे तारे, पाणी दिवसभर गरम ठेवताना किती वीज वाया जाते यावर ठरतात. बटण लगेच बंद करणाऱ्या घरात त्यासाठी फार जास्त पैसे मोजू नयेत. गॅस गिझर आम्ही घेतलाच नाही. पाण्याचा ठरावीक दाब मिळाल्याशिवाय त्याचा बर्नर पेटत नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्या वायूला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गॅसचाच हवा असेल तर तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत लावा.

७. गिझरच्या टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो. जड पाण्यात तो लवकर संपतो, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी उघडून दाखवायला सांगा.

८. गिझरच्या थंड बाजूला बसवलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी तापताना कधीकधी थेंब पडतात. ते थांबवायला कुणी त्यावर बूच मारू लागलं तर तिथल्या तिथे अडवा. तापलेलं पाणी फुगतं, दाब वाढतो, आणि तो बाहेर सोडायलाच तो व्हॉल्व्ह ठेवलेला असतो.