जळालेली मोटर

मुलांनो, आज आई मिक्सरचे बटण दाबते आणि दोन-चार मिनिटांत चटणी तयार होते. तुमच्या पणजीला हेच वाटण पाट्यावर वरवंट्याने करावे लागे. तिचे खांदे भरून येत, मनगटे दुखत. सणाच्या दिवशी तर निम्मी सकाळ पाट्यापुढेच सरे. हे कष्ट हलके कसे झाले, त्याची कथा ऐका.

सत्यप्रकाश माथुर हे मुंबईतील सीमेन्स कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्यापाशी परदेशी बनावटीचा एक मिक्सर होता. एके दिवशी त्याची मोटर जळाली आणि काम अडले. अभियंत्याच्याच घरी यंत्र बंद पडलेले! साहजिकच माधुरीबाईंनी पतीकडे उपाय मागितला.

मोटर का बरे जळाली? ते यंत्र घडविणाऱ्यांनी काही हयगय केली नव्हती. ज्या स्वयंपाकघरांसाठी ते घडविले होते, तेथे मऊ पदार्थ घुसळण्याचे काम मुख्य होते. आपल्याकडे मात्र धने, सुके खोबरे, भिजविलेली उडदाची डाळ वाटावी लागते. अशा कठीण वा चिकट पदार्थांत यंत्राची पाती अडखळतात व मोटरीचा वेग मंदावतो. वेग मंदावला, की ती अधिक वीज ओढू लागते. मग तिच्यातील तांब्याच्या तारा तापतात, तारांवरील वेष्टण जळते आणि मोटर निकामी होते.

जुनी मोटर दुरुस्त केली असती, तरी काही दिवसांनी ती पुन्हा जळालीच असती. म्हणून माथुर यांनी आपल्या वाटणाचा भार सोसेल अशी दणकट मोटर असलेला, ओले व सुके दोन्ही वाटणारा नवा मिक्सर तयार केला. 1963 मध्ये तो 'सुमीत' या नावाने बाजारात आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र! एका घरातील अडचणीतून असा एक लहानसा उद्योग जन्मास आला. पुढे त्याचा एवढा प्रसार झाला, की कित्येक घरांत मिक्सरलाच 'सुमीत' म्हणू लागले.

कालांतराने इतर कारखानदारांनीही अशी यंत्रे काढली व स्पर्धेत 'सुमीत' मागे पडला. तरीही त्याने दाखविलेली वाट मोडली नाही; त्याच वाटेने पुढचे मिक्सर आले.

वस्तू मोडली, की आपण तिला किंवा ती करणाऱ्याला नावे ठेवून मोकळे होतो. ती का मोडली, हे विचारणारा मात्र विरळा. तुमच्या घरी एखादी वस्तू वारंवार बिघडत असेल, तर तिच्याकडे एकदा नीट पाहा.

स्वाध्याय

१. परदेशी मिक्सरची मोटर का जळाली, ते क्रमाने लिहा.
२. नुसत्या दुरुस्तीने माधुरीबाईंची अडचण का सुटली नसती?
३. आजीला किंवा शेजारच्या वृद्ध बाईंना पाट्यावरच्या वाटणाविषयी विचारा व आठ ओळी लिहा.