दोन दिवसांचे महेश्वर

शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली की एखाद्या ऐतिहासिक स्थळी जाऊन यावे, असा परिपाठ आपल्या इंदुरातील पुष्कळ कुटुंबांत पडला आहे. आपल्या सभासद मंडळींतही तो आहे, आणि त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र स्थळी पोहोचूनही ते पाहावयाचे राहून जाते, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो. म्हणून ती चूक आधी सांगतो.

गतवर्षी हिवाळ्यात पाच-सहा कुटुंबांची सहल ठरली आणि आखणी आमच्याकडे आली. एका दिवसात अधिक पाहून व्हावे या हौसेने आम्ही सकाळी मांडू व दुपारी महेश्वर असा बेत केला. मांडूला उशीर झाला. महेश्वरी पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. घाटावर डबे उघडले, छायाचित्रे काढली, नावेतून एक फेरी झाली आणि गाडी परत फिरली. वाटेत एका शाळकरी मुलाने विचारले, “वाड्यातल्या त्या गादीवर कोण बसत असे?” कोणी मल्हारराव म्हणाले, कोणी यशवंतराव. आमचे तीर्थरूप तेवढे गप्प होते. घरी आल्यावर ते म्हणाले, “श्रावणात आपण एक पार्थिव लिंग करतो, तर सारे घर पहाटेपासून आवरून बसते. तिथे ते रोज होते. आपण भिक्षुकाच्या घरचे, आणि जेवणवेळ टळल्यावर तिथे गेलो.”

ते शब्द लागले. पुढे चार गोष्टी वाचून, तीर्थरूपांना बरोबर घेऊन, आम्ही पुन्हा गेलो व एक रात्र राहिलो. त्या दुसऱ्या खेपेवरून हा पाठ लिहिला आहे.

निघण्यापूर्वी

मुलांना एवढा कालक्रम सांगून ठेवावा. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. त्या सती जाण्यास निघाल्या होत्या. सासरे मल्हारराव यांनी त्यांना परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव गेले व पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेले. तेव्हापासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवीपर्यंत राज्याचा भार बाईंनी वाहिला, आणि महेश्वर हे त्यांच्या राज्यकारभाराचे ठिकाण होते. राजधानी इंदुरास आली ती १८१८ नंतर. आपले शहर वाढले ते या घटनेनंतर, हेही मुलांना कळावे.

वाटेवर

महेश्वर इंदुरापासून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. महूवरून जामच्या घाटाने मंडलेश्वराकडे उतरणारा रस्ता धरावा. घाटमाथ्यावर अहिल्याबाईंच्या काळचा जाम दरवाजा उभा आहे. तेथे थोडे थांबावे. पाठीशी माळव्याचे पठार व पुढ्यात निमाडचा सखल प्रदेश, अशी विंध्याची कड येथे डोळ्यांनी दिसते. पठारावरून नर्मदेकडे उतरणाऱ्या वाटेवर हा दरवाजा का बांधला असावा, हे येथे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पहिला दिवस : छत्र्या आणि घाट

दुपारी पोहोचून मुक्कामाची सोय लावावी व उन्हे उतरल्यावर घाटाकडे जावे. वाटेत अहिल्येश्वराचे मंदिर लागते. हे बाईंचे स्मारक यशवंतराव होळकरांच्या राणी कृष्णाबाई यांनी बांधविले. त्याच आवारात विठोजी होळकरांची छत्री आहे. पुष्कळ मंडळी तिच्या पायरीवर बसून विसावा घेतात आणि उठतात. पहिल्या खेपेस आम्हीही तेच केले.

विठोजी हे यशवंतरावांचे बंधू. १८०१ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या आज्ञेने त्यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याचा सूड मनात धरून यशवंतराव दक्षिणेत उतरले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ लढाई होऊन पेशवे पळाले, इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्या तहाने गहाण पडले. घरातील वैर केवढ्या थराला जाते, हे त्या छत्रीपाशी उभे राहून सांगितले तर मुले विसरत नाहीत.

तेथून पायऱ्या उतरून नर्मदेकाठी बसावे. बाईंच्या जीवनातील सर्वांत कठीण प्रसंग येथेच सांगावा. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. आईने परोपरीने विनविले, पण कन्येने ऐकले नाही. ज्यांना सासऱ्यांनी वाचविले, त्यांना स्वतःची लेक वाचविता आली नाही. हा भाग मुलांपुढे टाळू नये, तसेच त्याचा गौरवही करू नये. आमच्या दुसऱ्या खेपेस तो ऐकून एक मुलगी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. तिला कोणी काही विचारले नाही, तेच योग्य झाले.

दुसरा दिवस : पूजा आणि वाडा

सकाळी लवकर स्नान आटोपून वाड्याकडे जावे. येथे रोज लिंगार्चन होते. ब्रह्मवृंद मातीची लहान लहान शिवलिंगे घडवून लाकडी पाटांवर ओळीने मांडतात, त्यांची पूजा करतात आणि शेवटी ती नर्मदेत विसर्जित करतात. अहिल्याबाईंच्या काळापासूनचा हा नित्यक्रम. पूर्वी बसणाऱ्या ब्राह्मणांची संख्या पुष्कळ मोठी होती. आता थोडेच बसतात, पण क्रम चालू आहे. तेथे दूर बसावे, बोलू नये, विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये. तीर्थरूप पूजा संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. उठताना एवढेच म्हणाले, “हात सरावलेले आहेत.” त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती आम्ही ऐकलेली नाही.

मग वाडा पाहावा. काशीविश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास ज्यांनी उभारले, सोमनाथ व गया येथे ज्यांनी देवालये बांधिली, त्यांचे स्वतःचे घर म्हणजे लाकडी खांबांची ओसरी, मधे चौक आणि वर कौले. ओसरीवर पांढऱ्या बैठकीची गादी आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच : येथे बाई बसत.

त्यांचा दिनक्रम माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील लोकांकडे चौकशी करून १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला आहे. सूर्योदयापूर्वी उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व अन्नदान. नंतर साधे भोजन. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळपर्यंत. सायंपूजा व अल्पाहार झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. देवापुढील वेळ आणि रयतेचा वेळ दोन्ही नेमलेले होते, व एकासाठी दुसरा मोडला जात नसे. पूजा पाहून लगेच ही गादी पाहिली म्हणजे तो दिनक्रम समोर उभा राहतो.

परतण्यापूर्वी राजराजेश्वराचे दर्शन घ्यावे. तेथे तुपाचे ११ नंदादीप अखंड तेवतात. गावातून चालताना हातमागांचा आवाज येईल. ताणा रेशमी व बाणा सुती, अशी येथील साडीची जुनी वीण. विणकर वसविण्याचे श्रेय परंपरा बाईंनाच देते. वस्त्र घ्यावयाचे असल्यास माग चालताना पाहून घ्यावे.

मांडूसाठी वेगळी सुट्टी ठेवावी. आमच्यासारखी घाई कोणी करू नये.

परतल्यावर

त्या आठवड्यात एक संध्याकाळ पुढील प्रश्नांसाठी ठेवावी. मुलांनी उत्तरे द्यावीत, वडील मंडळींनी चुकल्यास सुधारावीत. आणि वडील मंडळीच चुकली, तर मुलांनी सुधारण्यास हरकत नाही.

१. जाम दरवाजातून उतरल्यावर कोणता प्रदेश लागतो?
२. विठोजींची छत्री आणि वसईचा तह यांचा संबंध कोणता?
३. लिंगार्चनातील शिवलिंगे पूजेनंतर कोठे जातात?
४. बाईंच्या वाड्यात दगडी थाटमाट का नसावा? आपले मत सांगा.
५. आपल्या घरातील कोणते नित्यकर्म आजीच्या आधीपासून चालत आले आहे? ते पुढे कोण चालविणार?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आमच्याही घरी अद्याप ठरावयाचे आहे. परंतु महेश्वराहून आल्यापासून सकाळच्या पूजेची तयारी आम्ही करू लागलो आहोत.