तराजूची साक्ष

पेडण्याच्या पठारावरील जांभा दगड व डिचोलीच्या खाणींतील तांबडी माती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आम्ही प्रथम एक प्रश्न विचारतो : हा तांबडा रंग कशाचा? लोखंडाचा, असे उत्तर येईल; पण ते अर्धेच खरे आहे. नुसते लोखंड करडे असते. ऑक्सिजनशी (प्राणवायूशी) जोडले गेले म्हणजे ते तांबडे होते. डिचोलीकडे मिळणारे हेमॅटाइट हे खनिज शुद्ध असेल, तर त्याच्या १० किलोंत ७ किलो लोखंड व ३ किलो ऑक्सिजन असतो. हे प्रमाण जगात कोठेही तेच.

प्रत्येक धातूचे असे ठरलेले प्रमाण असते. म्हणून अनोळखी धातूने किती ऑक्सिजन घेतला हे तोलून पाहिले, तर तो ओळखता येतो. शब्बाथ शाळेच्या सुट्टीतील वर्गात मोठ्या मुलांना हा पाठ असा द्यावा :

१. धातू तोला. समजा, चकचकीत फीत १.२० ग्रॅम भरली.
२. झाकणाच्या मुशीत ती पूर्ण जाळून राख तोला. राख २.०० ग्रॅम भरली, तर वाढलेले ०.८० ग्रॅम हवेतील ऑक्सिजनचे.
३. ८ भाग ऑक्सिजनला किती धातू लागला ते काढा. उत्तर १२ भाग.
४. या आकड्याला धातूच्या संयुजेने गुणले की अणुभार मिळतो. संयुजा २ असेल तर २४, म्हणजे मॅग्नेशियम. ४ असेल तर ४८, म्हणजे टायटॅनियम! येथे तराजू एकटा पुरत नाही. मॅग्नेशियमची फीत ज्योतीवर धरताच डोळे दिपवीत पेटते. टायटॅनियमची तशी सहज पेटत नाही.

आता आमची फजिती सांगतो. एका विज्ञान शिक्षकांच्या मदतीने आम्ही हा प्रयोग मुलांसमोर केला. पण मुशीवर झाकण ठेवले नाही. राख १.८८ ग्रॅमच भरली. गणिताने अणुभार २८ आला, आणि त्या अणुभाराचा धातूच नाही! उत्तर आम्हांस ठाऊक होते, म्हणून फळ्यावर २.०० लिहिण्यास हात उचलला. तोच एक मुलगी म्हणाली, "पण काट्यावर तर १.८८ आहे ना?" आम्ही ओशाळलो व १.८८ च लिहिले. मग मुलांनीच शोधून काढले की, वर गेलेला पांढरा धूर हीच हरवलेली राख होती. झाकण ठेवून पुन्हा केले तेव्हा राख १.९७ ग्रॅम भरली व अणुभार २५ च्या आसपास आला. मॅग्नेशियमचा खरा अणुभार २४.३ आहे. आम्ही आकडा सजवला असता, तर त्या धुराकडे कोणाचेच लक्ष गेले नसते.

लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७७४ साली हेच जपले. त्याने बंद काचपात्रात कथील तापवले. पात्राचे एकूण वजन बदलले नाही. कथलाची राख मात्र जड झाली. भर आतल्या हवेतूनच पडली होती.

सूचना : फीत शिक्षकांनीच जाळावी. ज्योतीकडे थेट पाहू नये व तीवर पाणी ओतू नये.

मुलांना विचारा : गंजलेला खिळा मूळ खिळ्याहून जड की हलका? आधी अंदाज लिहून घ्या, मग तोला. आणि काटा सांगेल तेच वहीत लिहा.