ओव्हनमधील झाकणाची तजवीज

महाड-पोलादपूरच्या ज्या मुलखात आमसूल, चिंच आणि कैरी यांवाचून स्वयंपाक पुरा होत नाही, त्या मुलखात आंबट कालवणाचे स्टीलचे भांडे ॲल्युमिनियमच्या फॉइलने घट्ट आवळून ओव्हनमध्ये सारण्याचा जो शिरस्ता अलीकडे पडत चालला आहे, तो सोडावा असे मला मनापासून वाटते. आणि केवळ सोडावा असे सांगून न थांबता, त्याच्या जागी काय वापरावे याचाही तपशील द्यावा, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या घरी घडलेली हकीकत अशी. मुंबईहून पाहुणे यावयाचे होते, म्हणून सावित्रीच्या खाडीतले बोईट आणून, त्यांना आमसुलांचा कोळ, मीठ, हळद व आले-लसणाचे वाटण चोळून, स्टीलच्या पसरट भांड्यात ते रचून ठेवले होते, आणि वरून फॉइलचा कागद अगदी माशांना टेकेल असा दाबून बसविला होता. महामार्गावर वाहने खोळंबल्यामुळे पाहुणे त्या रात्री पोहोचलेच नाहीत; भांडे तसेच फ्रिजमध्ये राहिले आणि दुसऱ्या दिवशी तसेच ओव्हनमध्ये गेले. बाहेर काढून पाहतो तो, जेथे जेथे कागद माशाला टेकला होता तेथे तेथे त्याची चाळण झालेली, आणि माशांच्या पाठीवर करडी भुकटी व काळपट ठिपके उमटलेले. मासळीच शिळी असली पाहिजे, असा निवाडा घरात तत्काळ झाला, आणि सारा बोल आला तो कोळणीवर. त्या बिचारीचा यत्किंचितही अपराध नव्हता.

अपराध होता तो रसायनाचा. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर असतो व तोच त्या धातूचे रक्षण करतो; आमसुलातील वा चिंचेतील आम्ल आणि मीठ यांच्या संगतीत तो थर टिकत नाही. त्यातून भांडे स्टीलचे असून कागद त्याच्या काठालाही टेकला असला व पदार्थालाही टेकला असला, म्हणजे दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारट-आंबट रस अशी विद्युत्घटाचीच रचना सिद्ध होते, आणि त्यात झिजतो तो ॲल्युमिनियम. भांडे काचेचे किंवा मातीचे असते तर हा घट जुळला नसता. आम्लाचा मारा मात्र तेव्हाही चुकला नसता. उष्णतेने कागद वितळतो अशी जी समजूत आहे ती निराधार आहे, कारण ॲल्युमिनियम वितळण्यास ६६० अंश सेल्सिअस लागतात आणि घरगुती ओव्हन साधारणतः २५० च्या पलीकडे जात नाही.

अशी भुकटी एखाद्या वेळी पोटात गेल्याने कोणाला विषबाधा होत नाही. आमच्या घरीही कोणी आजारी पडले नाही. परंतु अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही ॲल्युमिनियमची सह्य मर्यादा ठरविली आहे, आणि ज्या घरात आंबट पदार्थ रोजचाच आहे त्या घराने त्या हिशेबात नाहक भर का घालावी, हा माझा प्रश्न आहे.

आता पर्याय. वस्तू निवडण्यापूर्वी झाकण कशासाठी हवे हे ठरवावे, कारण वाफ कोंडणे हे एक काम आहे आणि वरचा पापुद्रा करपू न देणे हे निराळे काम आहे. पहिल्याचा उत्तम धडा आपल्या रायगड जिल्ह्याच्या शेतांवरच मिळतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कांदे, बटाटे, कोणाची अंडी, कोणाची कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा त्याच पाल्याचा दाट बोळा, मग मडके उपडे घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही न घालता सारे शिजते ते शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर, आणि तो ओलावा राखून धरतो तो पाल्याचा बोळा. दुसऱ्या कामाचा धडा माझ्या पोलादपूरकडील आजोळी, धोंडस भाजताना मिळे. तवशाचा कीस, तांदळाचा रवा व गूळ यांचे ते मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात ओतून खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवीत; झाकण जाड असल्यामुळे वरचा ताव अंगावर न येता आत झिरपे.

ओव्हनमध्ये पाल्याचे काम केळीचे पान करते. मधला जाड दांडा काढून पान विस्तवावरून सावकाश फिरवावे: ज्योत जेथून सरकते तेथे पान क्षणात गडद हिरवे व तुकतुकीत होते, त्याचा ताठरपणा जातो, आणि मग ते न फाटता हवे तसे दुमडते. तेलाचा हात लावून ते पदार्थावर बसवावे आणि कडा भांड्याच्या आत खोचाव्या. वर उभ्या राहिलेल्या कडा ओव्हनच्या तापत्या सळईला लागून पेट घेऊ शकतात. श्रावण-भाद्रपदात हळदीची पाने मिळतात, त्यांचा सुवास मासळीला फार मानवतो. बाजारी पत्रावळी मात्र ओव्हनमध्ये घालू नये. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदीचा हुकूम काढला असला, तरी चकचकीत मुलामा दिलेले कागदी द्रोण अजून दृष्टीस पडतात, आणि तो मुलामा तापला की अन्नात उतरतो.

कागदच हवा असेल तर भाजण्यासाठीचा पार्चमेंट कागद घ्यावा. दुकानात बटर पेपर या एकाच नावाखाली दोन-तीन निरनिराळे जिन्नस विकले जातात, म्हणून वेष्टनावर ओव्हनचे तापमान छापलेले आहे की नाही हे पाहिल्यावाचून घेऊ नये. हा कागद पाण्यात भिजवून, चुरगाळून, पिळून पसरला की भांड्यावर नीट बसतो. मेणकागद ओव्हनमध्ये धुरावतो. वर्तमानपत्राच्या शाईचा स्पर्श तर अन्नाला कधीच होऊ देऊ नये.

या सर्वांहून माझी अधिक भिस्त आहे ती घरातल्या स्टीलच्या ताटावर. भांड्याच्या तोंडाहून बोटभर मोठे, प्लास्टिकची मूठ नसलेले ताट उपडे घातले की वाफही राहते आणि वरची आचही अडते, शिवाय ते वर्षानुवर्षे पुरते. मातीचे झाकण वापरावयाचे तर ते थंड ओव्हनमध्येच ठेवून मग ओव्हन लावावा, एरवी तडकते. आणि मटण-बिर्याणीसारखा पदार्थ दमावर ठेवावयाचा असेल, तर घट्ट कणकेची वळी भांड्याच्या काठावर बसवून वर ताट दाबावे. बाहेर काढल्यावर कणीक विटेसारखी कडक होते, ती सुरीच्या मुठीने एका बाजूस ठोकून फोडावी आणि ताट आपल्यापासून दूरच्या बाजूने प्रथम उचलावे, म्हणजे कोंडलेली वाफ हातातोंडावर येत नाही.